पीटीसी चव-पट्ट्यांचा संच: पट्ट्या चोख, पत्रकाचे शेवटचे पान चुकीचे

आमच्या महाविद्यालयात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला समूहातील जीनोटाइपची, म्हणजे जनुकाच्या दोन प्रतींच्या जोडीची, वारंवारता काढण्याचे एक प्रात्यक्षिक असते. गेली अनेक वर्षे ते आम्ही काळ्या-पांढऱ्या मण्यांवर भागवत आलो. डब्यात मणी हलवायचे, डोळे मिटून दोन-दोन काढायचे, जोड्या मोजायच्या आणि जर्नलमध्ये तक्ता भरायचा. गणित बरोबर येते, परंतु मण्यांना आईवडील नसतात आणि मुलांना त्यांच्याविषयी काडीचेही कुतूहल वाटत नाही. म्हणून या वर्षी पीटीसी अर्थात फिनाइलथायोकार्बामाइड लावलेल्या कागदी पट्ट्यांचा तयार संच मागवला. विक्रेत्याचे नाव मी देत नाही. वस्तू वेळेवर आणि नीट बांधून आली, व्यवहारात काही खोट नव्हती. माझी तक्रार खोक्यातील छापील पत्रकाविषयी आहे आणि ती जरा विस्ताराने मांडावी लागेल.

खोक्यात चार कुप्या निघाल्या. एकीत साधा कोरा कागद, दुसरीत पीटीसी, तिसरीत थायोयुरिया आणि चौथीत सोडियम बेंझोएट. प्रत्येकीत शंभर पट्ट्या आणि सोबत चार पानांचे इंग्रजी पत्रक. कोऱ्या पट्ट्या वेगळ्या दिल्या आहेत ही या संचाची सर्वांत शहाणपणाची गोष्ट, कारण कागदालाही स्वतःची चव असते आणि आधी कोरी पट्टी जिभेवर ठेवल्याशिवाय ‘काहीतरी लागले’ या उत्तराला अर्थ राहत नाही. कुप्यांची झाकणे घट्ट आहेत, पट्ट्या एकमेकींना चिकटत नाहीत आणि पहिल्या पट्टीपासून शेवटच्या पट्टीपर्यंत कडूपणात फरक जाणवला नाही. खर्च पाहिला, तर एका विद्यार्थ्यामागे एका कप चहाइतकाही येत नाही.

या रसायनाची गोष्ट वर्गात सांगण्यासारखी आहे. १९३१ साली अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स हे रसायनशास्त्रज्ञ पीटीसीची भुकटी हाताळत असताना थोडी भुकटी हवेत उडाली. शेजारी काम करणाऱ्या सहकाऱ्याने तोंड कडू झाल्याची तक्रार केली आणि फॉक्स यांना मात्र काहीच लागले नाही. पुढे अनेकांना ती चाखायला दिल्यावर दिसले, की माणसांचे यात ढोबळमानाने दोन गट पडतात. चव न लागणे हे अप्रभावी, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती तशा असल्या तरच दिसणारे, लक्षण असल्यासारखे वागते, हेही कुटुंबांच्या अभ्यासातून लवकरच पुढे आले. फिशर, फोर्ड आणि हक्सली यांनी १९३९ मध्ये प्राणिसंग्रहालयातील चिंपांझींनाही हे द्रावण पाजून पाहिले आणि त्यांच्यातही दोन गट आढळले. संबंधित जनुक मात्र २००३ साली हाती लागले. सातव्या गुणसूत्रावरील टीएएस२आर३८ हे कडू चवीच्या ग्राहीचे, म्हणजे कडूपणा ओळखणाऱ्या प्रथिनाचे, जनुक आहे आणि त्यातील तीन ठिकाणच्या बदलांवर चव लागणार की नाही हे मुख्यत्वे ठरते. पत्रकात यातला २००३ नंतरचा भाग नाही, पण तो शिक्षकाने भरून काढता येण्याजोगा आहे.

प्रत्यक्ष तासाविषयी दोन गोष्टी नोंदवतो, कारण पत्रक त्याबाबत गप्प आहे. पहिल्या तुकडीला मी सर्वांना एकाच वेळी पट्ट्या दिल्या आणि ती चूक ठरली. समोरच्याचे वेडेवाकडे तोंड पाहून ज्याला काही लागले नव्हते त्यालाही लागू लागले. दुसऱ्या तुकडीला भिंतीकडे तोंड करून उभे केले, उत्तर चिठ्ठीवर लिहायला सांगितले आणि चिठ्ठ्या मीच मोजल्या. मग पहिल्या तुकडीचीही नव्या पट्ट्यांवर तशीच फेरी घेतली. दुसरी गोष्ट म्हणजे, पदार्थ लाळेत विरघळल्याखेरीज चव कळत नाही, तेव्हा तासाआधी पाण्याचा घोट घ्यायला सांगणे आणि पट्टी काही क्षण जिभेवर राहू देणे आवश्यक आहे. पीटीसी मोठ्या मात्रेत विषारी आहे, पट्टीवर त्याचा अंश नगण्य असतो. तरीही पट्टी गिळायची नाही, एकाची दुसऱ्याने घ्यायची नाही आणि ज्याला चाखायचे नसेल त्याला आग्रह करायचा नाही, हे मी फळ्यावर लिहून ठेवले होते.

दोन्ही तुकड्या मिळून अठ्ठावन्न विद्यार्थी झाले. त्यांपैकी सतरा जणांच्या चिठ्ठीवर ‘चव नाही’ या बाजूचे उत्तर होते. इथून पुढचे गणित पत्रकाने दुसऱ्या पानावर दिले आहे आणि ते नीट दिले आहे. चव न लागणाऱ्यांकडे जनुकाच्या अप्रभावी रूपाच्या, म्हणजे अप्रभावी अ‍ॅलीलच्या दोन्ही प्रती असणार आणि जोड्या यादृच्छिक जुळतात असे धरले, तर त्यांचे समूहातील प्रमाण म्हणजे त्या रूपाच्या वारंवारतेचा, क्यूचा, वर्ग. सतराला अठ्ठावन्नने भागले की ०.२९३ येते, त्याचे वर्गमूळ ०.५४, हीच अप्रभावी अ‍ॅलीलची वारंवारता. प्रभावी अ‍ॅलीलची वारंवारता पी म्हणजे उरलेली ०.४६. मग पीचा वर्ग ०.२१, म्हणजे प्रभावी समयुग्मजी (दोन्ही प्रती प्रभावी) सुमारे बारा विद्यार्थी, आणि पी गुणिले क्यूची दुप्पट ०.५०, म्हणजे विषमयुग्मजी (एक प्रत प्रभावी, एक अप्रभावी) सुमारे एकोणतीस विद्यार्थी. चव लागणाऱ्या एक्केचाळीस जणांत कोण बारांतला आणि कोण एकोणतिसांतला हे कोणालाही सांगता येत नाही, तरी किती बारांतले आणि किती एकोणतिसांतले याचा अंदाज बांधता येतो. ही गोष्ट पहिल्यांदा उमगते तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटते ते मण्यांच्या डब्याने कधी उमटवले नव्हते. केवळ यासाठी संचाचे पैसे वसूल झाले असे मी म्हणेन.

पण त्या सतरा चिठ्ठ्यांपैकी चार चिठ्ठ्यांवर ‘नाही, पण किंचित काहीतरी’ असे लिहिलेले होते. पत्रकाच्या मते माणूस एकतर चव ओळखतो किंवा ओळखत नाही, मधली जागा नाही. निसर्ग इतका काटेकोर नाही. एकाच ताकदीच्या पट्टीने सगळ्यांना मोजले की काठावरची माणसे निघणारच. म्हणूनच १९४९ साली हॅरिस आणि काल्मस यांनी वेगवेगळ्या ताकदीची द्रावणे करून प्रत्येकाचा उंबरठा शोधण्याची पद्धत आखली. संचात एकाच ताकदीची पट्टी आहे, त्यामुळे या चौघांना कोठे बसवायचे हा निर्णय शिक्षकाच्या माथी येतो. मी तो निर्णय घेतला नाही, दोन्ही हिशेब मुलांकडून करून घेतले. चौघांना चव लागणाऱ्यांत घातले तर उरतात तेरा. क्यू होतो ०.४७, प्रभावी समयुग्मजी बारांवरून सोळांवर जातात आणि विषमयुग्मजी मात्र एकोणतीसच्या एकोणतीस राहतात.

हे पाहून वर्ग चकित झाला आणि खरे सांगायचे तर फळ्यावर आकडे मांडताना मीही क्षणभर थांबलो. कारण सोपे आहे. जोड्या यादृच्छिक जुळत असतील तर विषमयुग्मजींचे प्रमाण अर्ध्याच्या वर कधीच जात नाही, ते क्यू ०.५ असताना शिखराला पोहोचते आणि शिखराच्या आसपास हा डोंगर सपाट आहे. तेथे क्यू थोडा इकडेतिकडे सरकला तरी विषमयुग्मजींचा आकडा जागचा हलत नाही, सगळा धक्का दोन्ही टोकांच्या समयुग्मजींना बसतो. चव न लागण्याचे लक्षण या सपाटीच्या जवळपास असल्यामुळेच हे प्रात्यक्षिक इतके वळणदार वाटते, याची जाणीव ठेवली पाहिजे. दुर्मीळ लक्षणाच्या बाबतीत चित्र पालटते. दहा हजारांत एकाला असणारा अप्रभावी विकार घेतला तर क्यू ०.०१ येतो आणि वाहक, म्हणजे एकच अप्रभावी प्रत बाळगणारा पण विकार नसलेला, मात्र पन्नासांत एक निघतो. पत्रकाने हे उदाहरण शेवटी एका ओळीत उरकले आहे, माझ्या मते ते पहिल्या पानावर हवे होते.

पत्रकात आणखी एक उणीव आहे. अठ्ठावन्न जणांवरून काढलेला क्यू किती विश्वासाचा, याविषयी त्यात चकार शब्द नाही. एकातून क्यूचा वर्ग वजा करायचा, त्याला नमुन्याच्या चौपटीने भागायचे आणि वर्गमूळ घ्यायचे, इतके केले की क्यूची प्रमाणित त्रुटी, म्हणजे नमुना लहान असल्याने अंदाजात पडणारा फरक, मिळते. आमच्या आकड्यांवर ती ०.०५५ आली. दोन्ही बाजूंना त्याच्या दुप्पट अंतर ठेवले, तर क्यू ०.४३ ते ०.६५ यांच्या दरम्यान कोठेही असू शकतो. म्हणजे प्रभावी समयुग्मजी सात असतील किंवा एकोणीसही असतील, ‘बारा’ हा आकडा त्या दोहोंच्या मधला केवळ सर्वांत संभाव्य अंदाज आहे. कॅल्क्युलेटरवर आलेले दशांश चिन्हानंतरचे सहा-सहा आकडे जर्नलमध्ये उतरवणाऱ्या विद्यार्थ्यांना हे सांगितल्यावर त्यांनी आपण होऊन चार आकडे खोडले.

आता मूळ तक्रार. पत्रकाच्या चौथ्या पानावर ‘तुमचा वर्ग हार्डी-वाइनबर्ग समतोलात आहे का, ते तपासा’ असा मथळा असून खाली काय-वर्ग चाचणीचा, म्हणजे निरीक्षित आणि अपेक्षित आकड्यांतील तफावत मोजणाऱ्या चाचणीचा, तक्ता छापला आहे. जोड्या यादृच्छिक जुळल्या की तीन जीनोटाइपची प्रमाणे पीचा वर्ग, पी-क्यूची दुप्पट आणि क्यूचा वर्ग अशी ठरतात, तोच हा समतोल. तक्त्यात तीन ओळी, प्रभावी समयुग्मजी, विषमयुग्मजी आणि अप्रभावी समयुग्मजी, आणि प्रत्येकीसमोर ‘निरीक्षित’ आणि ‘अपेक्षित’ असे दोन रकाने. अपेक्षित रकाना पी आणि क्यूवरून भरायचा. प्रश्न असा, की निरीक्षित रकान्याच्या पहिल्या दोन ओळींत काय भरायचे? आपण जे पाहिले ते चव लागणारे एक्केचाळीस आणि न लागणारे सतरा, याखेरीज काहीही पाहिलेले नाही. पत्रकाचे उत्तर असे, की मागच्या पानावर काढलेले बारा आणि एकोणतीस येथे उतरवा. साहजिकच दोन्ही रकाने तंतोतंत जुळतात आणि काय-वर्ग शून्य येतो. एका गटाने तर शून्याखाली दोन रेघा ओढून ‘वर्ग पूर्ण समतोलात आहे’ असा निष्कर्ष लिहून मोकळे केले होते.

हा समतोल नव्हे, हा आरसा आहे. वर्गमूळ काढताना आपण समतोल गृहीत धरला, त्या गृहीतकावरून तीन आकडे तयार केले आणि तेच आकडे गृहीतकाचे साक्षीदार म्हणून उभे केले. संख्याशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर आपल्याकडे खरोखर मोजलेले गट दोनच आहेत. एकूण संख्या ठरलेली असल्याने स्वातंत्र्याची (म्हणजे आकड्याला मोकळेपणाने बदलता येण्याची) एक मात्रा जाते, क्यूचा अंदाज त्याच आकड्यांवरून काढल्याने दुसरी जाते आणि हातात शून्य उरते. शून्य मात्रांवर चाचणी होत नाही. एका विद्यार्थिनीने विचारले, ‘सर, मग सतराच्या जागी तीस असते तरी शून्यच आले असते का?’ तेच विचारायला हवे होते. सतराऐवजी तीस घाला, पाच घाला, चिंपांझींचे आकडे घाला, उत्तर शून्यच येणार. जी चाचणी कधीही नापास करू शकत नाही तिच्यात पास होण्याला किंमत ती काय? प्रभावी-अप्रभावी लक्षणावरून समतोल गृहीत धरून वारंवारतेचा अंदाज काढता येतो, त्याच लक्षणावरून समतोल तपासता मात्र येत नाही, एवढे एक वाक्य त्या पानावर असते तर पुरे झाले असते. त्याऐवजी तेथे रकाने आखून ठेवले आहेत आणि परीक्षेला बसणारी मुले ते भरून आणत आहेत.

तपासणी करायची तर विषमयुग्मजी उघड दिसणारे लक्षण हवे. एम-एन रक्तगट हे त्याचे जुने आणि उत्तम उदाहरण आहे, कारण त्यात दोन्ही अ‍ॅलील सहप्रभावी असल्याने एम, एमएन आणि एन असे तीनही गट रक्त तपासून थेट ओळखता येतात. एक हजार ब्रिटिश व्यक्तींचे पाठ्यपुस्तकांतून रुळलेले आकडे असे आहेत: एम २९८, एमएन ४८९, एन २१३. येथे वर्गमूळ लागत नाही, अ‍ॅलील मोजता येतात. २९८ ची दुप्पट अधिक ४८९, भागिले दोन हजार, म्हणजे एमची वारंवारता ०.५४२५. त्यावरून अपेक्षित संख्या २९४.३, ४९६.४ आणि २०९.३ येतात, काय-वर्ग सुमारे ०.२२ भरतो आणि एका मात्रेची मर्यादा ३.८४ (याहून मोठा आला तरच समतोल नाकारायचा) असल्याने समतोलाविरुद्ध पुरावा मिळत नाही. ही खरी तपासणी, कारण ४८९ च्या जागी ३०० असते तर ती सपशेल नापास झाली असती.

मी याच आकड्यांचा आणखी एक उपयोग करून घेतला. एमएन हा गट आपल्याला दिसतच नाही असे समजायला सांगितले, म्हणजे एन हे जणू अप्रभावी लक्षण. मग पीटीसीसारखे ०.२१३ चे वर्गमूळ घेतले तर ०.४६१५ येते, प्रत्यक्ष मोजून आलेली एनची वारंवारता ०.४५७५ आहे. विषमयुग्मजींचा अंदाज ४९७, प्रत्यक्षात ४८९. पट्ट्यांवर जे गणित आपण अंधारात केले त्याचे उत्तर दिवा लावून पाहायला मिळाले तर कसे दिसेल, हे दहा मिनिटांत कळते. या संचाबरोबर अशी एक तक्त्याची चिठ्ठी जोडायला छपाईखेरीज काहीही खर्च नाही.

‘समूह’ या शब्दाबाबतही पत्रक फार ढिले आहे. वर्गालाच समूह मानून ते पुढे जाते. आमच्या वर्गात निरनिराळ्या तालुक्यांतली आणि निरनिराळ्या जातींची मुले आहेत, ज्यांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आपापल्या जातीतच सोयरिकी झाल्या. एका बाकावर बसल्याने त्यांचा एक प्रजनन-समूह होत नाही. याने किती फरक पडावा? समजा सारख्याच आकाराचे दोन गट आहेत, प्रत्येक आपल्यापुरता समतोलात, एकात क्यू ०.१ आणि दुसऱ्यात ०.५. दोघांना एकत्र करून मोजले तर अप्रभावी लक्षणाचे प्रमाण ०.१३, त्याचे वर्गमूळ ०.३६, आणि त्यावरून विषमयुग्मजी ४६ टक्के निघतात. प्रत्यक्षात क्यूची सरासरी ०.३ आहे आणि विषमयुग्मजी अवघे ३४ टक्के. गट मिसळल्याने समयुग्मजी वाढलेले दिसण्याच्या या परिणामाला वाहलुंड यांचे नाव आहे, त्यांनी तो १९२८ साली मांडला. जिथे लग्ने जातीच्या चौकटीत होतात आणि मामाची मुलगी करण्याचीही रीत आहे, तिथे शिकवताना ‘यादृच्छिक विवाह’ हे गृहीतक एका ओळीत सोडून देणे बरे नव्हे. चवीच्या बाबतीत जोडीदार कोणी निवडत नाही हे खरे, पण जात पाहून निवडला की जातीबरोबर अ‍ॅलीलही आलेच.

तिसऱ्या पानावरील गृहपाठ मी दिला नाही आणि इतरांनीही देऊ नये असे सुचवतो. उरलेल्या पट्ट्या घरी नेऊन आईवडील, भावंडे यांना चाखायला लावा आणि वंशावळ काढा, असे त्यात म्हटले आहे. चव न लागणाऱ्या दोन पालकांना चव लागणारे मूल होणे पत्रकाच्या हिशेबात अशक्य आहे, प्रत्यक्षात तसे आढळते, कारण हे लक्षण मेंडेलच्या नियमात पूर्णपणे बसत नाही आणि वयाबरोबर जिभेची तीक्ष्णताही कमी होते. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाच्या हातात असली अर्धवट कसोटी देऊन त्याला स्वतःच्या घरात पाठवण्याचे कारण मला दिसत नाही.

पत्रकातील इतिहासाच्या चौकटीत फक्त हार्डी यांचे नाव आहे. केंब्रिजचे गणिती हार्डी आणि आनुवंशिकीचे अभ्यासक पनेट हे क्रिकेटमुळे एकमेकांच्या ओळखीचे होते, पनेट यांनी शंका नेली आणि हार्डी यांनी १९०८ मध्ये ती छोट्याशा पत्रात निकाली काढली, ही हकिकत आमच्या मुलांना आवडणारच. परंतु श्टुटगार्टचे डॉक्टर वाइनबर्ग यांनी हीच गोष्ट त्याच वर्षी जानेवारीत व्याख्यानात मांडली होती, आणि मथळ्यात त्यांचे नाव वापरून चौकटीत ते गाळणे शोभत नाही.

पर्याय म्हणून गालाच्या आतल्या पेशींतून डीएनए काढून टीएएस२आर३८ च्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती काढायच्या आणि त्या एन्झाइमने तोडायच्या, असे संच मिळतात. त्यात २२१ बेस-जोड्यांचा तुकडा चव लागण्याच्या अ‍ॅलीलमध्ये १७७ आणि ४४ असा तुटतो आणि न लागण्याच्या अ‍ॅलीलमध्ये अखंड राहतो. तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या जेलवर तिन्ही पट्टे दिसणारा विद्यार्थी विषमयुग्मजी, जरी ४४ चा पट्टा बहुधा फिकाच असतो. तेथे काय-वर्गाचा तक्ता प्रामाणिकपणे भरता येतो. मात्र त्यासाठी डीएनएच्या प्रती काढणारे पीसीआर यंत्र, जेलची व्यवस्था आणि दोन दिवस हवेत, आमच्यासारख्या ठिकाणी ते दरवर्षी जमणारे नाही.

म्हणून पुढच्या वर्षीही हाच संच मागवणार आहे. थायोयुरिया आणि सोडियम बेंझोएटच्या कुप्या आमच्या उपयोगाच्या नाहीत, फक्त कोऱ्या आणि पीटीसीच्या पट्ट्या सुट्या मिळाल्या तर अधिक बरे, तसे विक्रेत्याला कळवले आहे. पाचपैकी पट्ट्यांना साडेचार आणि पत्रकाला दोन गुण देतो. पत्रकाच्या झेरॉक्स काढताना चौथे पान वगळले असून त्या जागी एम-एनचे आकडे आणि प्रमाणित त्रुटीचे सूत्र मराठीत लिहून जोडले आहे. त्या विद्यार्थिनीचा प्रश्नही त्याच पानावर स्वाध्याय म्हणून घातला आहे, उत्तर दिलेले नाही.